न गंजणाऱ्या बोटीतली कुजकी फळी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र ‘१०,००० तळी’ एवढंच छापलेलं असतं. हा तिथला विनय म्हणायचा. या तळ्यांच्या आसपास कुणाच्या तरी परसात, ताडपत्रीखाली, अ‍ॅल्युमिनियमची चौदा-सोळा फुटी मासेमारी बोट हमखास असते. आजोबांनी घेतलेली बोट नातू चालवतो, यात तिथे कुणाला नवल वाटत नाही.

या बोटींचं मूळ विमानांत आहे. ग्रुमन या लढाऊ विमानांच्या कंपनीतले विल्यम हॉफमन १९४४ मध्ये लाकूड-कॅनव्हासची जड कनू, म्हणजे वल्ह्यानं चालवायची निमुळती होडी, खांद्यावरून वाहून दमले आणि विमानाच्या पत्र्याची कनू करता येईल का, असा विचार त्यांनी केला. १९४५ मध्ये ती कनू तयार होऊ लागली. १९४८ मध्ये हॉवर्ड लुंड यांनी मिनेसोटातल्या न्यूयॉर्क मिल्स या गावात अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींचा धंदा सुरू केला. गोड्या पाण्यात हा धातू दशकानुदशकं टिकतो. पण बोटीच्या शेपटाकडची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, नुसत्या पत्र्याची करून भागत नाही. तिच्यावर मोटर टांगायची असते, म्हणून पत्र्याला आतून साधारण दीड इंच जाडीचं प्लायवूड लावतात. बोट म्हातारी होते ती इथून.

मोटरचं वजन हा त्रासाचा लहान भाग आहे. पाण्याखालचा पंखा बोटीला पुढे ढकलतो, तेव्हा मोटरच्या कंसाचा खालचा भाग ट्रान्समवर दाबला जातो आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. प्रत्येक वेळी वेग वाढवला की फळी अशी पिळवटते. त्यात वरच्या पट्टीच्या फटीतून, बोल्टच्या भोकांतून, पाणी सोडायच्या नळीच्या कडेनं पाणी झिरपतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी कुजवू शकत नाही. इथे पत्र्याआड वारा लागत नाही, लाकूड वाळत नाही, आणि बुरशीला आयतं घर मिळतं. हिवाळ्यात तेच पाणी गोठून सुमारे नऊ टक्के फुगतं आणि प्लायवूडचे थर सुटे करतं.

परीक्षा सोपी आहे. मोटरचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि ट्रान्सम वाकतो का ते बघा. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर पुढची तपासणी करायची गरजच नाही.

दुरुस्तीत सगळ्यात कंटाळवाणं काम रिव्हेट फोडण्याचं. कोपऱ्याचे तुकडे, वरची पट्टी, आधाराचे कंस सुटले की जुनी फळी बाहेर येते, बऱ्याचदा हातात भुगा होऊन. म्हणून नवीन फळीचा साचा पुठ्ठ्यावर आधीच आखून ठेवावा. पाऊण इंची दोन फळ्या एकमेकींना चिकटवून दीड इंच जाडी साधतात.

फळी कोणती, इथे मात्र चुकायला जागा आहे. ‘औषध मारलेलं लाकूड कुजत नाही, तेच लावू’ हा विचार स्वाभाविक वाटतो आणि तोच घात करतो. त्या औषधांत बहुधा तांबं असतं. ओलाव्यात तांबं विरघळून अ‍ॅल्युमिनियमवर बसतं, दोन धातूंत विजेचा खेळ सुरू होतो आणि पत्र्याला बारीक खड्डे पडतात. फळी वाचते, बोट जाते. त्यापेक्षा साधं मरीन प्लाय घ्यावं. त्याच्या आतल्या थरांत पोकळ्या नसतात, म्हणून पाण्याला लपायला जागा मिळत नाही.

मग लाकडाला काय चोपडायचं? जुनी मंडळी पक्कं जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि व्हार्निश यांचं मिश्रण मुरवतात. आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. पण तेलानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर त्या आपोआप पेट घेतात, त्यामुळे त्या पसरून वाळवाव्या लागतात. माझा कौल इपॉक्सीला. लाकूड पूर्ण कोरडं असताना तीन हात, कडांना जास्त, कारण प्लायवूड पाणी पितं ते कडेनंच. मोटरच्या बोल्टची भोकं आधी मोठी पाडून घट्ट इपॉक्सीनं भरतात आणि ते कडक झालं की त्याच्या मधोमध खरं भोक पाडतात. मग बोल्टलगत पाणी आलं, तरी त्याला लाकूड भेटत नाही. ही युक्ती वेळखाऊ आहे, पण साऱ्या दुरुस्तीचा जीव तीत आहे. उघड्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही, वर रंग हवा.

स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमला थेट टेकू देऊ नयेत. मध्ये गंजरोधक लेप असावा. सगळं कायमच्या गोंदानं चिकटवण्याचा मोहही टाळावा, कारण पुढच्या वेळी पत्रा फाटल्याशिवाय फळी निघणार नाही. पुढची वेळ येतेच.

मोटर चढवल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. हिवाळ्यात बोट ठेवताना नाक किंचित वर, मागची बुचं काढलेली आणि ताडपत्री अशी ताणलेली हवी, की बर्फ वितळून त्याचं पाणी ट्रान्समवर साचणार नाही.