बरे करून परत पाठवलेले

पहिल्या महायुद्धात भित्रेपणा, पलायन अशा आरोपांखाली आपणच गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये माफी दिली. त्याचं कौतुक झालं. पण माफी मिळाली ती मेलेल्यांना. ज्यांना ‘बरं’ केलं गेलं, त्यांचा हिशेब कुणी मांडलाच नाही.

१९१५ मध्ये डॉक्टर चार्ल्स मायर्सने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ हा शब्द छापला, तेव्हा तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदू दुखावतो असा समज होता. पुढे गोळ्याच्या आसपासही नसलेली माणसं थरथरत इस्पितळात येऊ लागली. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्टमध्ये अधिकाऱ्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर रिव्हर्सने एक फरक नोंदवला: अधिकारी तोतरे होतात, साधे शिपाई मुके. ज्याला उलट बोलायची मुभाच नाही त्याची वाचा जावी, यात गूढ ते काय? अधिकाऱ्याच्या वाट्याला संवाद आला. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इस्पितळात डॉक्टर लुइस यीलंडने मात्र नऊ महिने मुक्या असलेल्या चोवीस वर्षांच्या शिपायाला अंधाऱ्या खोलीत कोंडलं, बोलल्याशिवाय सुटका नाही असं बजावलं आणि घशाला विजेचे झटके दिले. चार तासांनी तो बोलला.

बोलला ना, मग तक्रार कसली, असं कुणी म्हणेल. रिव्हर्स तर दयाळू होता, हेही खरं. पण दोघांची कसोटी शेवटी एकच ठरली: माणूस पुन्हा सैन्याच्या कामाचा झाला का? क्रेगलॉकहार्टमध्ये सुधारलेला कवी विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, आघाडीवर मारला गेला. युद्धात माणसं लागतातच, हा युक्तिवाद मान्य केला तरी त्याला युद्धाची गरज म्हणावं, उपचार म्हणू नये.

युद्ध संपल्यावर पेन्शनचा प्रश्न उरला. १९२२ मध्ये साउथबरो समितीने ‘शेल शॉक’ हा शब्दच टाकून द्यायला सांगितलं. १९३९ मध्ये, दुसरं युद्ध तोंडावर असताना, अशा रुग्णांना युद्धकाळात पेन्शन नको, असा सल्ला तज्ज्ञांनीच दिला. डॉक्टरांचा शब्द गेला, चेष्टेचा मात्र टिकला: नाशिकजवळच्या देवळालीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत भ्रमिष्ट होणाऱ्या गोऱ्या सोल्जरांवरून आलेला ‘डूलाली’ इंग्रजीत आजही वेडाला वापरतात. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी अशा मानसिक आघाताला नवं नाव दिलं. आता मानसिक आरोग्याचे दिवस साजरे होतात, आणि रजेवर असलेल्याला पहिला प्रश्न तोच असतो: कामावर कधी येतोस? हा प्रश्न आधी विचारला जातो तोवर आपण यीलंडच्या खोलीबाहेर पडलेलो नाही.