प्राण्यांचा समाज आणि रोगाची वाट

एखाद्या अरण्यात साथ उद्भवली, तर ती किती पसरेल हे तेथील प्राण्यांच्या संख्येवरून ठरते, असा सर्वसाधारण समज असतो. संख्या अधिक तर गर्दी अधिक, आणि गर्दी अधिक तर संसर्गही अधिक. हा समज सर्वस्वी चुकीचा नव्हे. पण तो अपुरा आहे. डब्यात खडखडणाऱ्या चिंचोक्यांप्रमाणे वन्य प्राणी वाटेल तसे एकमेकांवर आदळत नसतात. कोणाजवळ निजावे, कोणाचे अंग चाटावे, कोणाला हद्दीबाहेर हुसकून लावावे, याविषयी त्यांच्यात ठरीव रीती असतात. रोगजंतूंचा प्रवास होतो तो याच संबंधांच्या वाटेने. या वाटा ध्यानात न घेता योजलेला उपाय कधी कधी अपायकारक ठरतो. ब्रिटनमधील बॅजर या प्राण्याची हकीकत या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे.

बॅजर हा आपल्याकडील चांदी अस्वलाच्या कुळातील प्राणी. त्याच्या पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे असतात. तो दिवसा जमिनीखालील बिळांत राहतो आणि रात्री कुरणांतून गांडुळे व किडे शोधीत हिंडतो. बिळांच्या एका जाळ्यात काही बॅजर मिळून राहतात. अशा प्रत्येक गटाची स्वतःची हद्द असते व तिच्या सीमेवर विष्ठेचे लहान लहान खड्डे करून ती आखलेली असते. गटातील प्राण्यांची एकमेकांशी जवळीक पुष्कळ, शेजारच्या गटाशी मात्र संबंध बेताचाच.

१९७१ साली ग्लॉस्टरशायर परगण्यात एक मेलेला बॅजर सापडला. तपासणीत त्याच्या शरीरात गुरांच्या क्षयरोगाचे जंतू आढळले. ही गोष्ट साधी नव्हती. चाचणीत एखादी गाय रोगबाधित ठरली की तिची कत्तल करावी लागते आणि त्या गोठ्यातील जनावरे बाहेर विकण्यावर निर्बंध येतात. पिढ्यान् पिढ्या जोपासलेली खिल्लारे डोळ्यांदेखत घटू लागली, तर शेतकऱ्याचा रोष बॅजरवर वळावा हे स्वाभाविकच होते. बॅजर कमी केले की रोगही कमी होईल, हा हिशेब सर्वांना सरळ वाटला.

हा हिशेब पडताळून पाहण्यासाठी १९९८ ते २००५ या काळात इंग्लंडमध्ये एक विस्तृत प्रयोग करण्यात आला. प्रत्येकी सुमारे १०० चौरस किलोमीटरचे ३० प्रदेश निवडण्यात आले. त्यांपैकी दहांमध्ये दरवर्षी सरसकट बॅजर मारण्यात आले. दहांमध्ये जेथे गुरांना रोग झाला तेवढ्याच परिसरात मारण्यात आले. उरलेल्या दहांत एकाही बॅजरला हात लावला नाही. एकंदर सुमारे ११,००० बॅजर मारले गेले. निष्कर्ष अनपेक्षित होते. सरसकट संहाराच्या प्रदेशात गुरांचा क्षय सुमारे २३ टक्क्यांनी घटला. परंतु त्याच प्रदेशाच्या सीमेबाहेर दोन किलोमीटरच्या पट्ट्यात तो सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. जेथे ठिकठिकाणी थोडे थोडे बॅजर मारले गेले, तेथे तर रोग घटण्याऐवजी वाढलाच. त्यामुळे प्रयोगाचा हा भाग २००३ साली थांबवावा लागला.

असे का व्हावे? उत्तर बॅजरच्या समाजरचनेत आहे. गटातील काही प्राणी नाहीसे होताच हद्दी राखणारे उरत नाहीत. शिल्लक राहिलेले बॅजर दूरवर भटकू लागतात, परक्या हद्दीत शिरतात, नव्या सोबत्यांशी मिसळतात. पूर्वी एका गटापुरता कोंडून राहिलेला जंतू आता अनेक गटांत पोहोचतो. वारंवार संहार झालेल्या प्रदेशांत उरलेल्या बॅजरांमधील रोगाचे प्रमाण वाढल्याचेही आढळून आले. थोडक्यात म्हणजे, प्राणी कमी झाले; पण त्यांच्यामधील कुंपणे मोडली.

१९७० च्या दशकापासून वुडचेस्टर पार्क येथे बॅजरांचा अभ्यास अखंड चालू आहे. प्राण्यांच्या गळ्यात संपर्काची नोंद करणारे पट्टे बांधून तेथे असे दिसून आले की, रोगी बॅजर आपल्या गटात काहीसे एकाकी असतात, पण इतर गटांशी त्यांचा संबंध निरोगी बॅजरांपेक्षा अधिक येतो. म्हणजे सर्वच प्राणी रोग सारख्या प्रमाणात पसरवीत नाहीत.

यावर दुसरा मार्ग लसीचा. लस टोचलेला बॅजर आपल्या गटातच राहतो आणि हद्दी अभंग राहतात. गटातील एक तृतीयांशाहून अधिक प्राण्यांना लस दिली असता, लस न मिळालेल्या पिलांनाही मोठे संरक्षण मिळते असे दिसले आहे. २०१३ पासून इंग्लंडमध्ये पुन्हा मोठ्या क्षेत्रांत बॅजर मारण्यात आले. त्याचे फलित काय, याविषयी मतभेद आहेत. गुरांपासून गुरांना होणारा संसर्ग हेही या रोगाचे एक मोठे कारण आहे, हे मात्र विसरता येत नाही.

समाजरचनेचे हे महत्त्व भारतालाही जाणवले आहे. २०१८ साली गीरच्या अरण्यात अल्पावधीत वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, आणि त्यांपैकी काहींमध्ये कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू सापडले. सिंहांचा कळप एकाच शिकारीवर तोंड घालतो व परस्परांना चाटतो. म्हणून एकाचा रोग सहज सर्वांचा होतो. त्या वेळी परिसरातील सिंह पकडून अलग ठेवण्यात आले व त्यांना लस टोचण्यात आली. संबंधांची वाट रोखण्याचाच हा प्रयत्न होता.

वन्य प्राण्यांच्या रोगाशी झुंजताना त्यांची केवळ शिरगणती पुरेशी नाही. ते कोणाबरोबर राहतात, कोणाला टाळतात आणि आपण हस्तक्षेप केल्यावर कोठे जातात, हे आधी जाणून घेतले पाहिजे. बॅजर मारून रोग आटोक्यात आणू पाहणाऱ्यांना हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.