बीजक हरवल्यावर

महाराज बाड्यावरून गोरखीकडे नित्य जाणाऱ्या ग्वाल्हेरकरांस गंगाजळीची कथा ठाऊक नसेल असे नाही. शिंदे सरकारच्या या राखीव खजिन्याची तळघरे कोठे आहेत व कशी उघडावीत, याची सांकेतिक खूण म्हणजे ‘बीजक’. ते फक्त गादीवरील पुरुषास ठाऊक असावे व त्याने ते योग्य वेळी वारसास द्यावे, अशी वहिवाट होती, असे सांगतात. इ. स. १८८६ च्या जून महिन्यात जयाजीराव महाराज निवर्तले, त्या वेळी माधवराव महाराज अवघे नऊ वर्षांचे होते. बीजक त्यांच्या हाती पडले नाही व पुढे खजिन्याचा शोध घेत बसावे लागले, अशी परंपरागत हकीकत आहे. द्रव्य होते, धनी होता. खूण तेवढी नव्हती.

आज हेच संकट घरोघर आले आहे. ई-मेल, पेन्शन, भविष्यनिर्वाह निधी, बँक, घरची छायाचित्रे, सर्वांस पासवर्डाचे कुलूप आहे. तो विसरला म्हणजे मनुष्य म्हणतो, “कंपनीजवळ असेलच, मग सांगत का नाहीत?” याचे उत्तर असे की, व्यवस्था नीट असेल तर तो कंपनीजवळही नसतो. पासवर्डावर गणिती प्रक्रिया करून निघालेले फळ तेवढे साठवितात. गहू दळले की पीठ होते, पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. तसेच हे आहे. आपण पासवर्ड लिहिला की तो पुन्हा दळून दोन्ही पिठे ताडून पाहतात. म्हणून जुना पासवर्ड कोणी सांगू शकत नाही. ओळख पटवून नवा घालावा लागतो.

ही ओळख पटते ती नोंदविलेल्या मोबाइल क्रमांकावरून, दुसऱ्या ई-मेलवरून, अथवा आगाऊ लिहून ठेवलेल्या राखीव संकेतांवरून. खरी मेख येथेच आहे. फोन हरवला तर प्रथम आपल्या मोबाइल कंपनीकडून जुने सिमकार्ड बंद करवून, ओळखपत्र दाखवून त्याच क्रमांकाचे नवे घ्यावे. क्रमांक परत आला की पुष्कळ दारे उघडतात. क्रमांक कायमचा सोडावयाचा असेल तर आधी सर्व खात्यांत नवा नोंदवावा. कारण बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्यास देता येतो. मग आपला ओटीपी परक्याच्या हाती जावयाचा!

घाबरलेला मनुष्य अशा वेळी इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो, आणि तेथेच भामटे टपलेले असतात. खरा अधिकारी ओटीपी विचारीत नाही. पैसे गेलेच तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

मृत्यूनंतरचा प्रश्न याहून नाजूक. बँकेतील पैशासाठी मृताचा पासवर्ड लागत नाही. किंबहुना तो वापरूही नये. नामनिर्देशन असेल तर मृत्यूचा दाखला व स्वतःचे ओळखपत्र घेऊन बँकेत जावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीस चार जणांपर्यंत नावे देता येतात. परंतु पत्रे व छायाचित्रे यांचे तसे नाही. दोन वर्षे न वापरलेले खाजगी खाते काढून टाकण्याचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणला आहे. खाते निष्क्रिय झाल्यास त्यातील मजकूर कोणास मिळावा, हे तेथे आधीच नोंदविता येते. ही सोय २०१३ पासून आहे, पण तिचा लाभ घेणारे आमच्या पाहण्यात थोडे.

सार्वजनिक संस्थांनी तर अधिक जपावे. संस्थेचे ई-मेल एका चिटणिसाच्या खाजगी मोबाइलवर चालत असेल, तर तो गृहस्थ परगावी गेला की सभासदांची यादी व पत्रव्यवहार, सर्व अडकून पडते. क्रमांक संस्थेचा असावा, आणि कार्यभार देताना दप्तराबरोबर खात्यांचीही सोपवणूक लेखी व्हावी.

आमची वाचकांस विनंती इतकीच: या आठवड्यात खात्यांतील मोबाइल क्रमांक तपासावा, राखीव संकेत कागदावर उतरून कपाटात ठेवावेत, आणि तो कागद कोठे आहे हे घरातील एका विश्वासू माणसास सांगावे. गुप्तता हवीच; परंतु एकाच्याच जवळ राहिलेले गुपित त्याच्याबरोबरच जाते.