गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी कोणत्या भाषेत शिकायचे?

अपूर्णांकाला उर्दूत 'कसर' म्हणतात. मराठीतही कसर आहेच; 'मेहनतीत कसर ठेवली नाही' असे आपण सहज बोलून जातो. मूळ अरबी शब्द एकच. गणिताच्या उस्तादांना ही गोष्ट माहीत असली तर पाचवीच्या मुलाची अपूर्णांकाची निम्मी भीती तिथेच जाते. पण ती त्यांना सांगणार कोण?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाकाठी किमान ५० तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. उर्दू माध्यमाच्या शिक्षकाची अडचण तासांची नाही. प्रशिक्षण बहुधा मराठीत असते आणि सोमवारी वर्गात शिकवायचे उर्दूत. तिथे ऐकलेली घनता वर्गात 'कसाफत' होते, परावर्तन 'इनइकास', अंश आणि छेद 'शुमार कुनिंदा' आणि 'नसबनुमा'. हीच मुलगी अकरावी सायन्सला गेली की पुन्हा नवे शब्द: डेन्सिटी, रिफ्लेक्शन. हुशार मुली पहिल्या तिमाहीत गप्प होतात आणि घरचे म्हणतात, सायन्स आपल्याला झेपणारे नाही. बऱ्याचदा तिला विज्ञान येत असते, शब्द ओळखीचे नसतात.

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला हा प्रश्न सातशे वर्षांपासून ठाऊक आहे. महानुभावांच्या या गावात लीळाचरित्र लिहिले गेले. आज तिथेच मराठी भाषा विद्यापीठ आहे. आचार्य नागदेवांनी आपल्या विद्वान शिष्याला, केशोबासांना, संस्कृतात लिहिण्यापासून रोखले, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळले नसते. मुंबईत १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानेही महापालिका शाळांत काम करताना हाच धागा पकडला. भाषा सोपी केली की त्याच मुलांची विज्ञानाची समज वाढते, असे त्यांना दिसले.

शिक्षकांनी शिकावे कसे, याचा धडा सातपुड्यापलीकडच्या होशंगाबादने दिला. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांत विज्ञानाचा कार्यक्रम सुरू केला. मोठ्या संस्थांमधले शास्त्रज्ञ खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसत. मास्तरांना आधी स्वतः प्रयोग करावे लागत. मग दर महिन्याला जवळपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येऊन काय जमले, काय फसले ते बोलत. मुलांच्या पत्रांना 'सवालीराम' नावाचे काल्पनिक पात्र उत्तरे देई. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. महिन्याची बैठक मात्र आपण आजही उचलू शकतो, तिला मोठा निधी लागत नाही.

बैठकीत काय करावे? मोर्शी-वरुडकडे संत्र्यांना तोटा नाही. बादलीभर पाण्यात सालासकट संत्रे टाका, तरंगते. सोलून टाका, बहुधा बुडते. सालीतली हवा गेली. 'बहुधा' मुद्दाम लिहिले. आपले संत्रे मधून पोकळ असते, त्यामुळे एखादे सोललेलेही तरंगते. ज्याने हे आधी करून पाहिलेले नाही तो शिक्षक गडबडतो आणि 'पुस्तकात बुडते असे आहे' म्हणून मोकळा होतो. करून पाहिलेला विचारतो, का बरं? फोडी सुट्या करून टाकल्या की उत्तर मुलेच देतात. मग फळ्यावर तीन शब्द शेजारी शेजारी लिहायचे: कसाफत, घनता, डेन्सिटी.

कॉम्प्युटरच्या शिक्षकांसाठीही घरातच सामान आहे. अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आणि अल्जेब्रा त्यांच्या किताबाच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून. एवढे अभिमानाने सांगून थांबू नये. लॅबमधला संगणक बंद असला तरी वुजूच्या पायऱ्या क्रमाने लिहायला सांगा. पाणी नसेल तर तयम्मुम, ही अट घाला. मुलींनी अल्गोरिदम लिहिला!

पुढच्या पालक सभेत मार्कांबरोबर आणखी एक विचारा: सर, मॅडम, या महिन्यात दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांबरोबर बसलात का? विचारताना लहजा नरम असू द्या, त्यांच्यामागे कामे पुष्कळ असतात. रविवारच्या बैठकीसाठी मोहल्ल्यातली एक खोली, चहा आणि डझनभर संत्री आपण देऊ शकतो.