गुरुजींचा हात आणि कलम २०

११ एप्रिल हा क्रांतिबा महात्मा जोतिराव फुले यांचा जन्मदिवस. साल १८२७. आपल्या वस्त्यांवर या दिवसापासून जयंतीचा माहोल सुरू होतो, तो १४ एप्रिलपर्यंत. याच तारखेला १७५५ साली लंडनमध्ये आणखी एक माणूस जन्माला आला. त्याचे नाव जेम्स पार्किन्सन. म्हणून ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिनही आहे. हा नुसता डॉक्टर नव्हता. 'ओल्ड ह्युबर्ट' या टोपणनावाने तो गोरगरिबांच्या बाजूने पत्रके लिहायचा, सामान्य माणसाला मताचा अधिकार द्या म्हणायचा. १७९४ मध्ये त्याला प्रिव्ही कौन्सिलपुढे चौकशीला उभे राहावे लागले. पुढे १८१७ मध्ये त्याने अंग थरथरणाऱ्या रोग्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्या आजाराला त्याचेच नाव पडले. आपल्याकडे कंपवात म्हणतात.

ही माहिती मला गुरुजींनी सांगितली. गुरुजी म्हणजे माझे पती. सारी वस्ती त्यांना गुरुजी म्हणायची, मीही म्हणू लागले. आपल्या आजाराचे नाव एका बंडखोराचे आहे, याचे त्यांना फार कौतुक होते.

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत ते शिक्षक होते. नामांतराच्या लढ्यात ज्या पोरांनी रात्री भिंती रंगवल्या, त्यात त्यांचा हात होता. अक्षर असे की जयंतीचा फलक दुसऱ्या कुणाला लिहू द्यायचे नाहीत. आजार आला तोही अक्षरातूनच. २०११ च्या सुमारास फळ्यावरची ओळ डावीकडे मोठी आणि उजवीकडे जाता जाता मुंगीएवढी होऊ लागली. मागच्या बाकावरची मुले म्हणायची, गुरुजी, दिसत नाही. हात तेव्हा कापतही नव्हता. पार्किन्सनमध्ये प्रत्येकाचा हात कापतोच असे नाही, हे आपल्या लोकांना माहीत नसते. मेंदूच्या खोल भागात डोपामाइन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, त्यामुळे हालचाल मंदावते, अंग ताठरते, आवाज बसतो, चेहऱ्यावरचे हसू जाते. २०१२ मध्ये निदान झाले तेव्हा गुरुजी ४४ वर्षांचे होते. हा म्हातारपणाचा आजार आहे असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

नातेवाइकांनी बाहेरची बाधा काढली. एका मामांनी भगताचा पत्ता आणला. गुरुजींनी हात जोडून सांगितले, "मामा, बावीस प्रतिज्ञा मी मुलांना पाठ करून घेतो. मला कुठे नेता?" हा प्रश्न तिथेच मिटला. पण आपल्याच माणसांनी जे केले ते मिटले नाही. चेहरा हलत नाही म्हणून कार्यकर्ते म्हणायचे, गुरुजी मोठे झाले, जयभीमला हसतसुद्धा नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत तोल गेला तेव्हा एकजण मोठ्याने बोलला, "सकाळीच घेतली वाटतं." ज्या माणसाने पाचवे शील कधी मोडले नाही, वस्तीतल्या चार घरांची दारू सोडवली, त्याला हे ऐकावे लागले. त्यानंतर दोन वर्षे ते मिरवणुकीत आले नाहीत. विहारात त्रिसरण-पंचशील तेच म्हणवून घ्यायचे. आवाज बसल्यावर तेही बंद केले. आजाराने जेवढे नेले नाही तेवढे या कुजबुजीने नेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कायद्याचे बोलते, कारण तो माझा व्यवसाय आहे.

२०१६ मध्ये वरिष्ठांनी त्यांच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. कापऱ्या हाताने शाळा चालत नाही म्हणे. अपंगत्वाचा १९९५ चा कायदा तेव्हा लागू होता. त्यात सातच प्रकार, आणि पार्किन्सन त्यात नाही. कलम ४७ नोकरीला संरक्षण द्यायचे, कुणाल सिंग खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलूनही धरले. पण तो पाय गमावलेल्या जवानाचा खटला होता. हालचालीचे अपंगत्व म्हणजे मुख्यतः हाडे, सांधे, स्नायू यांच्यातला दोष, अशी त्या कायद्याची व्याख्या. दोष मेंदूत असेल तर? अधिकाऱ्यांना तेवढीच फट पुरे होती. मी गुरुजींना एकच सांगितले, कशावरही सही करू नका. ते वैद्यकीय रजा टाकत राहिले.

१९ एप्रिल २०१७ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा लागू झाला. प्रकार २१ झाले आणि परिशिष्टात पार्किन्सन हा शब्द आला. कलम २०, उपकलम ४ सांगते की सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे, पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करायचे. मी नोटीस दिली. तीन महिन्यांनी गुरुजींना त्याच पगारावर गटसाधन केंद्रात बसवले.

प्रमाणपत्राची कथा वेगळीच. लेव्होडोपाची गोळी घेतली की काही तास माणूस बरा चालतो, असर उतरला की जागच्या जागी थिजतो. तपासणीच्या दिवशी मी त्यांना गोळी देऊन नेले, नाहीतर ते बसमध्ये चढलेच नसते. डॉक्टरांनी चालताना पाहिले आणि टक्केवारी ४० च्या खाली लिहिली. ४० टक्के नाही म्हणजे बहुतेक सवलती नाहीत. आम्ही अपील केले. दुसऱ्या वेळी गोळीच्या वेळांची महिनाभराची वही सोबत नेली आणि असर उतरेपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिलो. तेव्हा कुठे ४० च्या वर आकडा आला. नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या गटांत मात्र पार्किन्सनचे नाव कलम ३४ मध्ये अजूनही नाही. तो लढा बाकी आहे.

घरातले शोध आमचे आम्हीच लावले. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटायचे. मुलीने फरशीवर खडूने आडव्या रेघा मारल्या. रेघ ओलांडायची म्हटले की पाय उचलायचा. मोबाइलवर वामनदादांचे गाणे लावले की ढोलकीच्या ठेक्यावर गुरुजी अंगणापर्यंत जायचे. तालाने पाय सुटतो हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. आम्हाला ते आधी वामनदादांनी शिकवले होते.

शेवटी गिळणे अवघड झाले, आणि त्यातून न्यूमोनिया. २०२२ मध्ये गुरुजी गेले, वय ५४. शेजारच्या बायका बांगड्यांचे विचारायला आल्या, त्यांना चहा दिला.

दर शनिवारी संध्याकाळी मी आमच्या विहारात बसते. कंपवाताचे कुणी घरात असेल तर रुग्णालयाची सगळी कागदपत्रे आणि गोळ्यांच्या वेळा लिहिलेली वही घेऊन या. युडीआयडी कार्डाचा अर्ज तिथेच भरून देऊ. आणि कुणी राजीनाम्याचा कागद पुढे केला असेल, तर सही करण्यापूर्वी या.