सायकलस्वार डोंगरवाट कशी निवडतो?

बंगळुरूच्या वायव्येस, तुमकुरू मार्गालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र लहान-मोठ्या हजारो कारखान्यांसाठी ओळखले जाते. लेथ यंत्रे आणि मालमोटारींच्या या परिसरात सायकल म्हणजे प्रामुख्याने कामावर जाण्याचे साधन. शहरातील हौशी स्वारांना मात्र हाच मार्ग सुटीच्या पहाटे शिवगंगे आणि देवरायनदुर्ग या डोंगरांकडे नेतो. १,४७८ मीटर उंचीचा नंदी डोंगरही शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवरच आहे.

घाम गाळण्यासाठी एवढ्या दूर का जायचे? पर्यटनाचे अभ्यासक जॉन क्रॉम्प्टन यांनी १९७९ मध्ये प्रवासामागील प्रेरणांची मांडणी करताना माणसाला घराबाहेर ढकलणाऱ्या आणि विशिष्ट ठिकाणाकडे ओढणाऱ्या प्रेरणांमध्ये फरक केला होता. कोंडलेली वाहतूक, धूर आणि रोजचे तेच ते काम ढकलण्यास पुरेसे असते. ओढ लावते ती मात्र वाट.

येथे हा स्वार अन्य पर्यटकांहून वेगळा ठरतो. निवास, भोजन, निसर्गशोभा त्याला हवी असते, पण नंतर. आधी तो विचारतो, की जेमतेम एक सायकल मावेल अशी पायवाट आहे काय, उतार किती, दगड कसे? (वाट अवघड असावी, अशी इच्छा धरणारा पर्यटक विरळाच.) आव्हान कौशल्याच्या तोडीचे असले, की मनुष्य कृतीत तल्लीन होतो, असे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ मध्येच मांडले होते. अनेक देशांत अशा वाटांना काठिण्यानुसार हिरवा, निळा, काळा असे रंग देतात, ते याचसाठी.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन एका डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. ब्रेक इतके तापत, की त्यांतील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. २०२३ मध्ये केरळमधील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा पार पडली.

हिमालयाचे आकर्षण मोठे असले, तरी तेथे वर्षातून एखाद्या वेळीच जाता येते. सरावाला जवळची वाट लागते, आणि वाढत्या शहरात तीच आधी अडचणीत येते. बंगळुरूच्या दक्षिणेकडील तुरहळ्ळी वनात स्वारांची नेहमी ये-जा असते. २०२१ मध्ये तेथे वृक्षोद्यान उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा वन आहे तसेच राहू द्यावे, या मागणीसाठी नागरिकांनी निदर्शने केली होती.