चकमकीच्या दगडाचा मुलूख

अमेरिकेतील कॅन्सस संस्थानाच्या पूर्व भागात जी टेकाडे लांबच लांब पसरली आहेत, त्यांना 'फ्लिंट हिल्स' हे नाव 1806 साली त्या प्रांतातून गेलेल्या झेब्युलन पाइक या लष्करी अधिकाऱ्याच्या रोजनिशीतून मिळाले. आणि ते किती सार्थ आहे याचा प्रत्यय घ्यावयाचा तर त्या मुलुखातून सायकलच हाकावी. चुनखडीच्या थरांत चकमकीचा दगड इतका दाट की वसाहतकारांच्या नांगराचा फाळ तेथे चालेना. सभोवारची जमीन गव्हा-मक्याखाली गेली, ही तेवढी चराईसाठी उरली, आणि म्हणूनच उंच गवताच्या प्राचीन माळरानाचा जो जेमतेम चार टक्के अंश आज शिल्लक आहे, त्याचा बहुतांश याच टेकाडांवर आढळतो. शेती नाही म्हणून वस्ती विरळ, वस्ती विरळ म्हणून डांबर नाही, आणि डांबर नाही म्हणूनच येथे खडीच्या वाटांवरील सायकल-शर्यत रुजली.

तिचा इतिहास थोडक्यात असा. 2006 साली एम्पोरिया या गावातून 34 स्वार 200 मैलांच्या, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरांच्या, वाटेवर निघाले. आता दरवर्षी हजारो येतात. कान्सा या मूळ रहिवासी जमातीच्या नावाला अशोभन विशेषण जोडल्याचा आक्षेप आल्यावर 2020 साली जुने नाव टाकण्यात आले. हल्ली ती 'अनबाउंड ग्रॅव्हल' म्हणून ओळखली जाते.

मला मात्र शर्यतीहून अधिक ओढ लागली ती तेथल्या एका सायकल-दुकानाची. भाचीकडे मुक्कामाला असताना शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही तेथे गेलो, तो मागच्या खोलीत कारागिराने एक टायर उलटा करून दिव्याखाली धरला होता. बाजूच्या भिंतीत नखाएवढी चीर होती. चिमट्याने त्याने तीतून एक करडी कपची ओढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. कडा वस्तऱ्यासारखी! नांगराला नमवणारा दगड तो हाच. अशा वाटेवर टायर चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद घेतात, हवा कमी ठेवतात आणि बहुधा आत ट्यूब घालीतच नाहीत. त्याऐवजी दुधासारखा एक द्रव ओततात, तो भोकाशी येऊन गोठतो, आणि भोक मोठे असल्यास रबराची चिकट वात सुईने आत खोवतात. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधणाऱ्या, काचकागदाने घासून सोल्यूशन लावणाऱ्या आमच्या आळीतल्या पंक्चरवाल्यांची मला त्या वेळी तीव्र आठवण झाली. साधने निराळी, परंतु बोटांची एकाग्रता तीच.

त्या शर्यतीचा शिरस्ता असा की बाहेरची मदत ठराविक ठाण्यांवरच घेता येते, मधल्या माळावर ज्याची सायकल त्यानेच सावरावी. 2023 साली आरंभीच्या मैलांतच असा चिकट चिखल लागला की चाके फिरेनात, आणि सायकली खांद्यावर घेतलेल्यांना लाकडी पट्टीने चिखल खरवडत पुढे जावे लागले. तेव्हा दुकानदाराची खरी विद्या दुकानात ठेवून भागत नाही, ती गिऱ्हाइकाच्या हातात उतरवावी लागते. या दुकानातून दर आठवड्याला एका संध्याकाळी मंडळी एकत्र निघतात, नवशिक्याचे चाक वाटेत बसले की सारे थांबतात, पण चाक त्यालाच उतरवू देतात. कारागीर शेजारी उभा राहून केवळ सांगतो. सायकल-दुकानाची थोरवी मी विक्रीवरून नव्हे, या शिकवण्यावरून मोजतो.

मावळ-मुळशीच्या मुरुमाच्या वाटांवर सायकल नेणाऱ्या वाचकांना माझी आग्रहाची विनंती आहे, की निघण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या पंक्चरवाल्यापाशी एक संध्याकाळ बसावे आणि मागचे चाक उतरवून पुन्हा चढवणे स्वतःच्या हाताने करून पाहावे.